शेळीच्या गर्भाशयातील बंदोबस्त

शेळीच्या पोटातले करडू निमे तिचे आणि निमे बोकडाचे, म्हणजे शरीराच्या कायद्याने अर्धे परकेच. आणि परक्या कातडीचा लहानसा तुकडाही जो देह सहन करीत नाही, तो हा जीव जवळजवळ पाच महिने उदरात कसा बाळगतो, हा प्रश्न पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली सर्वच सस्तन प्राण्यांविषयी उपस्थित केला. गर्भाशयात रक्षकपेशींना मज्जावच असेल, अशी सोपी कल्पना कोणालाही सुचावी. परंतु शेळीच्या गर्भाशयाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की अस्तरात लसिकापेशी, भक्षकपेशी आणि प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशी ठिकठिकाणी आढळतात. पहारा आहे, आणि चांगला कडक आहे. मात्र त्यावर हुकमत चालते ती अंडाशयाची.

साधारण एकवीस दिवसांनी शेळी माजावर येते, तेव्हा इस्ट्रोजेनच्या अमलाखाली अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो आणि ती फळल्यावर रक्तातील न्यूट्रोफिल पेशी गर्भाशयाच्या पोकळीत उतरून बोकडाबरोबर आत आलेल्या जंतूंचा व निकामी शुक्राणूंचा फडशा पाडतात. पुढे अंडाशयातील पीतपिंडाचे प्रोजेस्टेरॉन चढले, की हाच पहारा सौम्य होतो. आणि मेंढीत प्रोजेस्टेरॉन पुरविण्याचे काम पुढे वारेकडे जात असले तरी शेळीला पीतपिंड विण्यापर्यंत लागतो. तो टिकावा म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गर्भ स्वतःच इंटरफेरॉन टाऊ स्रवतो. विषाणूंशी झुंजताना शरीर ज्या कुळातील द्रव्ये वापरते, त्याच कुळातल्या द्रव्याने गर्भाने आपल्या मुक्कामाची तजवीज करावी, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण कलम वाटते.

या व्यवस्थेची किंमत करडाला मोजावी लागते. शेळीची वार आईची प्रतिपिंडे गर्भापर्यंत जाऊ देत नाही. म्हणून जन्मताच पहिल्या काही तासांत पाजलेला चीक हाच त्याचा आधार.

आणि पहाऱ्यात फितुरीही होते. १९०५ साली माल्टा बेटावर थेमिस्टोक्लीस झामित या वैद्याने दाखवून दिले, की तेथील तापाचे जंतू वरवर धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांतून माणसांत येतात. हे ब्रुसेला जंतू भक्षकपेशींच्या पोटातच दडून वाढतात, वारेत शिरतात आणि गाभण शेळी अखेरच्या महिन्यांत गाभडते. म्हणून पशुपालकांना विनंती, की गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हातांनी उचलू नये, ती चुना टाकून खोल पुरावी, आणि शेळीचे दूध उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नये.