वैमानिकाचा पगार आणि वैमानिकाची झोप

१२ फेब्रुवारी २००९. नेवार्कहून निघालेलं कोल्गन एअरचं विमान अमेरिकेतल्या बफेलोजवळ कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले.

मूळ कारण स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याच्या इशाऱ्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद. पण अपघाताच्या चौकशीतल्या सुनावणीत जे बाहेर आलं, ते प्रत्येक प्रवाशाने वाचायला हवं. सहवैमानिकेचा पगार वर्षाला २५ हजार डॉलरहून कमी. ती आईवडिलांकडे सिएटलजवळ राहायची, ड्यूटी मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, नेवार्कला! आदल्या रात्री मालवाहू विमानांत बसून, मेम्फिसमार्गे ती कामावर पोचली होती. कॅप्टनही फ्लोरिडातून ये-जा करणारा. क्रू रूममध्ये झोपायची मनाई असूनही तिथेच झोपायचा. थकव्याचा वाटा नेमका किती, हे तपासात ठरवता आलं नाही. पण नेवार्कमध्ये खोली परवडत नसेल, तर झोप होणार कुठे?

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये नेट लावला म्हणूनच २०१० चा विमानसुरक्षेचा कायदा झाला. त्यानुसार २०१४ पासून ड्यूटीआधी किमान १० तास विश्रांती सक्तीची झाली, त्यात सलग ८ तास झोपेची संधी. मालवाहू विमानांचे वैमानिक यातून वगळले गेले, आणि हे मला अजिबात पटत नाही. थकवा माल बघून येत नाही.

आपल्याकडे विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, ती जुलै २०२५ पासून.