विश्लेषण : घिवली ते बोईसर… रोजची छोटी फेरीच दुचाकीस्वारांसाठी धोक्याची का?

तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या शेजारच्या घिवलीहून बोईसर साधारण दहा-बारा किलोमीटरवर आहे. कामाची पाळी, बाजार किंवा लोकल गाठण्यासाठी दुचाकी हे सोयीचे साधन. मात्र ‘इथल्या इथे तर जायचे आहे’ म्हणत हेल्मेट घरीच राहते. धोका किलोमीटरवर ठरत नाही, तो रस्त्यावर आणि वेगावर ठरतो.

आकडेवारी काय सांगते?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी 74 हजार 897, म्हणजे सुमारे 44.5 टक्के, दुचाकीवरील होते. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या 50 हजार 29 होती. त्यांत 14 हजार 337 जण मागे बसलेले होते. थोडक्यात, हेल्मेट फक्त चालवणाऱ्याने घालून भागत नाही.

अवजड वाहनांजवळ धोका का वाढतो?

तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे या भागात टँकर, कंटेनर आणि ट्रेलरची ये-जा असते. लांब वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्याच वेळी डाव्या बाजूने पुढे निघालेली दुचाकी वाहन आणि रस्त्याची कड यांत चेपली जाते. केबिनलगतची डावी बाजू आणि वाहनाच्या अगदी मागची जागा चालकाला दिसत नाही. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, असे समजावे. वळणावर डावीकडून ओव्हरटेक करूच नये.

वेग वाढवून किती वेळ वाचतो?

ताशी 40 किलोमीटर वेगाने दुचाकी एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते, 60 च्या वेगाने सुमारे 17 मीटर. म्हणजे समोर गुरे किंवा खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंतच मोठे अंतर निघून जाते. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतरही सव्वादोन पट होते. बारा किलोमीटरच्या प्रवासात याच्या बदल्यात वाचतात फार तर सहा मिनिटे.

पावसाळ्यात आणि रात्री काय करावे?

पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल, धूळ आणि पाणी एकत्र येऊन निसरडा थर तयार होतो. अशा वेळी अचानक जोरात ब्रेक मारू नये. वेग आधीच कमी करून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. डबक्याखाली खड्डा असेल, असेच धरून चालावे. झिजलेले टायर वेळीच बदलावेत. रात्री मागचा दिवा चालू आहे का ते पाहावे, फिकट कपडे किंवा चमकणारी पट्टी वापरावी. समोरून प्रखर दिवा आल्यास नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवून वेग कमी करावा.

हेल्मेट कसे असावे?

आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस 4151’ हे मानक पाहूनच हेल्मेट घ्यावे. डोक्यावर घट्ट बसणारे आणि पट्टा लावलेले हेल्मेटच उपयोगी पडते. पट्टा सैल असला तर धडकेत ते आधी उडून जाते. विविध देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला ते बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. नियम मोडल्यास परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतो.

अपघात झाल्यास मदत कशी करावी?

108 वर रुग्णवाहिका किंवा 112 वर मदत मागवावी. मागून येणारी वाहने आधी थांबवावीत. जखमीचा श्वास अडकत नसेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. मानेला इजा असू शकते. जखमीला पाणी पाजू नये. कलम 134 अ मुळे मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. केंद्राच्या 2025 च्या योजनेनुसार अपघातग्रस्तावर नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता होऊ शकतात. त्यामुळे ‘पोलिसांची कटकट नको’ किंवा ‘पैसे कोण भरणार’ या विचाराने पहिला तास वाया घालवू नये. जीव वाचण्याची शक्यता त्याच तासात सर्वाधिक असते.