विश्लेषण : काडेपेटीतील काड्यांतून अभियांत्रिकी! प्राथमिक वर्गात ‘करून पाहणे’ नेमके कुठे अडते?

परिसर अभ्यासाच्या पाठ्यपुस्तकात ‘करून पहा’ अशी चौकट असते. बहुतेक वर्गांत ती मोठ्याने वाचली जाते, निष्कर्ष फळ्यावर लिहिला जातो आणि मुले तो वहीत उतरवतात. प्रत्यक्षात कुणी काही करून पाहत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना विज्ञान आणि अभियांत्रिकी हाताने शिकवणे खरोखर शक्य आहे का आणि असेल तर ते होत का नाही?

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांना एक साधी गोष्ट सापडली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीतील काडी यांची जाडी अशी जुळते, की काडी नळीत घट्ट बसते. नळीचा छोटा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे दांडी. (काडीचे गुल आधी खरवडून टाकायचे, हे मोठ्यांनी पाहावे.) पुढे गुप्ता यांनी पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशी शेकडो खेळणी तयार केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरीतल्या मुलाला या काड्यांचा चौकोन करायला सांगा. बोटाने ढकलला की तो तिरका होतो. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोन आपोआप ठरतात. चौकोनात बाजू तेवढ्याच राहून कोन बदलू शकतात. ही व्याख्या मुलाला तेव्हा सांगायची गरज नसते. ‘चौकोन पडू नये म्हणून काय करशील?’ एवढेच विचारायचे. थोड्या वेळाने कुणीतरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी काडी टाकतेच. ती काडी बाकीच्यांपेक्षा लांब लागते, हेही तेव्हाच कळते. मग शाळेच्या पत्र्याच्या छपराखालची कैची, रेल्वेचा लोखंडी पूल, मोबाइलचा मनोरा यांत तेच त्रिकोण दिसू लागतात.

विज्ञान कुठे संपते, अभियांत्रिकी कुठे सुरू होते?

लहान मुलांसाठी ही सीमा फार ठळक नाही, पण शिक्षकाला ती माहीत असावी. मातीचा गोळा पाण्यात का बुडतो, हा विज्ञानाचा प्रश्न. तेवढ्याच मातीची होडी करून तिच्यात जास्तीत जास्त चिंचोके कसे मावतील, हा अभियांत्रिकीचा. दुसऱ्या प्रश्नात साहित्याची मर्यादा आहे, उद्दिष्ट आहे आणि उत्तरे अनेक आहेत. पहिल्या फेरीत बऱ्याच होड्या बुडतात. मुले काठ उंच करतात, बूड पसरट करतात, पुन्हा मोजतात. ‘जड ते बुडते, हलके ते तरंगते’ हा पक्का समज इथे मोडतो, कारण माती तीच असते, वजन तेच असते, फक्त आकार बदललेला असतो आणि त्यामुळे बाजूला सारलेले पाणी वाढलेले असते.

कागदाचेही तसेच. दोन पुस्तकांवर आडवा ठेवलेला कोरा कागद खडूच्या एका कांडीनेही वाकतो. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो खडूंचा अख्खा डबा पेलू शकतो. पन्हळी पत्रा कसा टिकतो, याचे उत्तर मुलाच्या हातात असते.

मुले स्वतःहून सगळे शोधतात का?

नाही. इथे हौशी समर्थकांची चूक होते. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी एका बहुचर्चित लेखात मांडले, की नवशिक्यांना अगदी कमी मार्गदर्शन देऊन ‘शोधा’ म्हणून सोडून देणे परिणामकारक ठरत नाही. साहित्य वाटून शिक्षक बाजूला झाला तर मुले रमतात, पण शिकतीलच असे नाही. चौकोन पडल्यावर कोणता प्रश्न विचारायचा, होडी बुडाल्यावर ‘एका वेळी एकच गोष्ट बदल’ हे कधी सांगायचे, शेवटी सगळ्यांच्या नोंदी एकत्र कशा मांडायच्या, हे काम शिक्षकाचेच आहे. व्याख्यान देण्यापेक्षा ते अवघड आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी तयार केलेल्या ‘स्मॉल सायन्स’ मालिकेत म्हणूनच शिक्षकांसाठी वेगळी पुस्तके आहेत.

मग घोडे कुठे अडते?

पैशांवर कमी, व्यवस्थेवर जास्त. सरकारी शाळेत आलेली विज्ञान पेटी जडसंग्रह नोंदवहीत चढते. वस्तू फुटली की शिक्षकाला उत्तर द्यावे लागते, म्हणून पेटी कपाटात सुरक्षित राहते. दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळताना पाण्याची टोपली आणि चिखल नकोसा वाटतो. शहरात वेगळीच तऱ्हा : ‘प्रकल्प’ म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी. तो पालक रंगवतात.

सर्वात मोठा अडसर परीक्षेचा. होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला आणि पुढे सुमारे एक हजार माध्यमिक-पूर्व शाळांत पोहोचला. तिथे मुले चौघांच्या टोळीत प्रयोग करत. महत्त्वाचे म्हणजे आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहिता येत आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. शिकवण्याची पद्धत आणि तपासण्याची पद्धत एकमेकींशी जुळत होत्या. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. आपल्याकडे ‘करून पहा’ पुस्तकात आले, पण प्रश्नपत्रिका अजून रिकाम्या जागा भरायलाच सांगते.

सरकारी योजना काय म्हणतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवातून शिकण्यावर भर देते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यात त्रिमितीय छपाई यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्सचे संच येतात. २०२५च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. योजना चांगली आहे, पण ती सहावी ते बारावीसाठी आहे. यंदा पहिलीत बसलेल्या मुलीला तिथवर पोहोचायला पाच वर्षे लागतील. तोपर्यंत तिच्या वाट्याला येणार आहे ती पुस्तकातली चौकट आणि वर्गशिक्षिकेने ठरवले तर काड्यांची एक पेटी.