गुपित उघड्यावर ठेवण्याची कला

रहस्यकथा आपल्याकडे साहेबाबरोबर आली, असं सरसकट म्हटलं जातं. छापील रहस्यकथेपुरतं ते खरंही आहे. पण कोडं घालून श्रोत्यांना ताटकळत ठेवण्याची विद्या आपल्याला, निदान सोलापूरला तरी, नवी नव्हती. पेशवाईच्या उत्तरार्धात याच गावच्या राम जोशींनी तमाशाचा फड गाजवला. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात एका पक्षानं कूट घालायचं, दुसऱ्यानं सोडवायचं. कूट कितीही अवघड असो, त्याचं उत्तर समोर बसलेल्यांच्या कानांवरून गेलेल्या पुराणकथांत सापडायला हवं. ते फक्त शाहिराच्या मनात असेल, तर तो सवाल नव्हे, लबाडी.

१९२९ साली इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांचा गाभा हाच: गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकाच्याही हाती पडला पाहिजे. आपले रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर या वाटेला फारसे गेले नाहीत. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाचं गणित वेगळं होतं. त्यांचा नायक झुंजार, त्याच्या मागे वाचक धावत सुटला पाहिजे, विचार करायला त्याला उसंतच मिळू नये. यात काय मोठंसं, असं म्हणणाऱ्यांनी एक तरी प्रकरण तसं लिहून दाखवावं!

प्रामाणिक कोड्याचा माझा आवडता मराठी नमुना मात्र कथेत नाही, लेखकाच्या नावात आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांची. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर नको म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं; अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली. सगळा बंदोबस्त चोख. पण आद्याक्षरं पाहा: ना. वि. ज. उलटी वाचली की ज. वि. ना. उत्तर पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत!

विज्ञानकथेत तर वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा हा करार आणखी कडक. कृष्णविवराजवळ काळ मंद चालतो, एवढी एक अजब गोष्ट वाचकानं मान्य केली की पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं पाहिजे. नायक अडकला म्हणून ऐनवेळी नवं यंत्र काढायचं नाही.

या हिशेबानं सोलापूरची रहस्यकथा कशी रचता येईल? पहिली कापडगिरणी इथे १८७७ साली सुरू झाली आणि पुढे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठू-झोपू लागलं. भोंग्यावरून वेळ सांगणारा साक्षीदार हवा, म्हणजे कथा गिरण्यांच्या काळात न्यावी लागेल. आज सीसीटीव्हीपुढे तसला दाखला टिकायचा नाही. दुसरा धागा भाषेचा. या गावात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात. समजा, एका साक्षीदारानं जबानीत सांगितलं की दोघे कानडीत बोलत होते, मला काही कळलं नाही. हाच गृहस्थ त्याआधी हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या कानडी विनोदाला हसलेला असावा. ते हसू तिसऱ्या पानावर, चहा-भज्यांच्या ऑर्डरीच्या गडबडीत, अर्ध्या वाक्यात टाकून द्यायचं.