कारीगर तंदुरुस्त, तर धंद्यात बरकत

आम्ही व्यापारी सुताचा भाव पैशापर्यंत लक्षात ठेवतो. बीम किती मीटरचे, तागे किती निघाले, दलाली किती गेली, सारे वहीत असते. पण मागावर उभा असलेला कारीगर किती दिवसांपासून खोकतो आहे, याची नोंद आमच्या वहीत नसते.

ही चूक आमच्याकडूनही झाली. मालेगावात आमचे सूत मजुरीवर विणणाऱ्या एका कारखान्यात एक कारीगर दोन महिने खोकत होता. आम्ही येता-जाता पाहत होतो. "धूळ आहे, गूळ खात जा," एवढे सांगून मोकळे झालो. खाडा केला तर मजुरी बुडते, म्हणून तोही गप्प राहिला. थुंकीतून रक्त आले तेव्हा क्षय निघाला. घरी कांड्या भरणाऱ्या त्याच्या बायकोलाही तोच आजार. अल्लाहच्या कृपेने दोघे बरे झाले, पण घर कर्जात बुडाले. आम्ही समजत होतो, कारीगर कारखानदाराचा. कारखानदार म्हणत होता, मी मजुरी मीटरवर देतो, बाकी त्याचे तो पाहील. मग आजारी पडल्यावर तो कुणाचा?

यंत्रमागावर तीन गोष्टींची खबरदारी हवी. पहिली खोकल्याची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. साधारण सहा महिने औषध न चुकता घ्यावे लागते. मध्येच सोडले तर आजार औषधाला दाद देत नाही. पोषणासाठी रुग्णाला सरकारकडून दरमहा 500 रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढण्याची जुनी सवय जिथे असेल तिथे ती बंद करावी. बारीक आकड्यानेही सूत निघते.

दुसरी धुळीची. कापसाच्या धुळीने छाती आवळते. सूतगिरण्यांत हा त्रास जास्त, पण मागाची बंद खोलीही सुरक्षित नाही. याची खूण अशी की सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास वाढतो. म्हणूनच इंग्रजीत त्याला सोमवारचा ताप म्हटले गेले. आमच्याकडे सुटी शुक्रवारी, तेव्हा कारीगराला शनिवारी विचारावे.

तिसरी आवाजाची. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात. मागांच्या खोलीत आवाज बहुधा 90 च्या वर असतो आणि पाळी बारा तासांची. गेलेले ऐकणे परत येत नाही. कानात साधा कापूस कोंबून भागत नाही. कानात घालायची बोंडे थोड्या रुपयांत मिळतात.

आता विम्याचे. दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. जुलै 2019 मध्ये हप्ता कमी करून मालकाचा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का ठरला. त्यात कुटुंबाचे उपचार आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के मजुरी मिळते. क्षयासारख्या लांबलेल्या आजारात मुदत वाढते. तरीही काही ठिकाणी एकाच शेडचे माग तीन भावांच्या नावांवर दाखवून कामगारांचा आकडा दहाच्या खाली ठेवतात. त्यात हप्ता वाचतो, पण कारीगराचा हक्क मारला जातो.

कारखानदार म्हणेल, व्यापारी मजुरीचा दरच एवढा आवळतो की खिडकी पाडायलाही पैसा उरत नाही. ही तक्रार खरी आहे. दर ठरवताना दोन पैसे कारीगराच्या तब्येतीचे धरणे ही आम्हा व्यापाऱ्यांचीही जिम्मेदारी आहे. आम्ही तसे सुरू केले आहे. त्यातून हवा बाहेर फेकणारा पंखा आणि थंड पाण्याची टाकी होते, तपासणीच्या दिवसाची मजुरीही निघते. अनुभवी कारीगर टिकला की कापडातले दोषही कमी निघतात.

मजुराची मजुरी घाम सुकण्यापूर्वी द्या, त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे त्याच्यावर टाकू नका, ही हुजूर सल्ललाहू अलैहि वसल्लम यांची ताकीद आम्ही लहानपणी मदरशात शिकलो. पहिली गोष्ट आमच्यापैकी पुष्कळजण पाळतात. दुसरीचा हिशेब अजून बाकी आहे. येत्या शनिवारी कारखान्यात जाल तेव्हा ताग्यांच्या आधी कारीगराची तब्येत विचारा.