कॅनन की निकॉन? आधी माउंट बघा

धानाच्या बांध्यांत सारस टिपायचा म्हणून एसएलआर घ्यायला निघालात, की पहिला वाद ठरलेला: कॅनन की निकॉन? मेगापिक्सेलची तुलना सोडा. खरा फरक लेन्स जिथे बसते त्या कड्यात, म्हणजे माउंटमध्ये आहे.

निकॉनने १९५९ चा एफ माउंट जपला, पण एएफ-डीसारख्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना फोकसची मोटर कॅमेऱ्यातून लागायची. डी३५०० सारख्या स्वस्त बॉडीत ती मोटरच नाही. सेकंडहँड एएफ-डी लेन्स घ्याल, तर फोकस हाताने फिरवत बसाल आणि सारस उडून जाईल. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट मोडीत काढून मोटर थेट लेन्समध्ये घातली. तेव्हाचे ग्राहक चिडले, आजच्यांची सोय झाली.

गंमत म्हणजे माउंटपासून सेन्सरचे अंतर निकॉनमध्ये ४६.५ मिमी, कॅननमध्ये ४४. या अडीच मिलिमीटरांत पातळ कडे मावते, म्हणून निकॉनची लेन्स कॅननवर चढते. उलट केले तर दूरचा फोकसच लागत नाही.

३०० मिमीची लेन्स कॅननच्या छोट्या सेन्सरवर ४८० सारखी वागते, निकॉनवर ४५० सारखी. एवढ्यासाठी भांडू नये. माझे मत विचाराल तर मामेभावाकडे ज्या कंपनीच्या लेन्स आहेत, तीच घ्या, उसन्या मिळतील. तसेही २०१८ पासून दोघांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणलेत. जुन्या लेन्स तिथे अडॅप्टरने चालतात, फक्त एएफ-डीची अडचण निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवरही कायम आहे.