नळदुर्गचा चिखल, पस्तिसाव्या हिश्शात

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरच्या बाजूने निघालेल्या भारतीय फौजेने हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडली आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात रणगाडे शिरले. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवण्याची तयारी झाली होती. सातव्या ब्रिगेडने त्याआधीच तो शाबूत ताब्यात घेतला. शीख पलटणीने निजामी ठाण्यांवर हल्ला चढवला. रस्ता मोकळा झाल्यावर चिलखती तुकडी सकाळी नऊला जळकोटात आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात पोचली. थर्ड कॅव्हलरीचे रणगाडे सोबत असलेली दुसरी तुकडी तुळजापुरावर गेली. तिथे दोन तास झुंज झाली. पुढे लोहाऱ्याकडे जाणारी वाट मात्र नदीच्या पुराने अडवली.

हा दिवस पुस्तकांत वाचता येतो. तो टेबलावर मांडून बघायचा असेल, तर स्केल मॉडेलिंगच्या छंदाकडे वळावे लागते. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून रणगाड्याची मापात बसणारी प्रतिकृती करायची, हा तो छंद. जगभर त्याचे लाखो वेडे आहेत. महाराष्ट्रातही तो हळूहळू रुजतो आहे. जोडकाम सरावाने येते. पण अमुक रणगाडा कोणत्या दिवशी, कोणत्या मातीतून गेला हे ठरवून रंगवायचे म्हटले की मॉडेल करणाऱ्याला इतिहास, भूगोल आणि हवामान या तिन्हींचा अभ्यास करावा लागतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यासाठी तर कोणत्याच खोक्यातला सूचनांचा कागद कामाला येत नाही.

आधी मापाचे बघू. रणगाड्यांच्या मॉडेलांत १:३५ हे प्रमाण सर्वांत लोकप्रिय आहे. ते ठरले कसे याची गोष्ट मजेशीर आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे चालते किट काढले. आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावायला हवे होते, म्हणून त्या बेताने आकार ठरवला. नंतर हिशेब केला तर प्रमाण १:३५ च्या आसपास निघाले. १९६८ पासून तामियाने याच मापात सैनिकी मॉडेलांची मालिका सुरू केली आणि पुढे बाकीच्या कंपन्याही त्याच मापावर आल्या.

त्या काळात भारतीय लष्कराची मदार अमेरिकन बनावटीच्या शर्मन आणि स्टुअर्ट रणगाड्यांवर होती. दोन्हींची किट आज सहज मिळतात. सुमारे ५.८ मीटर लांबीचा शर्मन १:३५ मध्ये साडेसोळा सेंटिमीटरचा होतो आणि साडेपाच फुटी माणूस पाच सेंटिमीटरच्या आत बसतो. रणगाडा तळहातावर राहतो, पण किल्ला राहत नाही. नळदुर्गची अडीच-तीन किलोमीटरची तटबंदी याच मापात केली तर सत्तर-ऐंशी मीटर भरेल! म्हणून शहाणा मॉडेलकार किल्ल्याच्या नादी लागत नाही. तो पुलाचा एक कठडा, रस्त्याची वीतभर लांबी आणि कडेचे एखादे बाभळीचे झाड एवढेच उचलतो.

जोडकामात घाई करणारा फसतो. भाग प्लास्टिकच्या चौकटीला देठाने चिकटलेले असतात. ते ओढून तोडायचे नसतात, बारीक कटरने कापून देठाची खूण पॉलिशपेपरने घोटून काढायची असते. शर्मनला प्रत्येक बाजूला सहा चाके असतात, स्टुअर्टला चार. प्रत्येक चाकावर साच्याची बारीक शिवण उमटलेली असते आणि ती एकेक करून घासावी लागते. चिकटवायला वापरतात तो पातळ द्राव पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. म्हणूनच त्याचा जादा थेंब पडला तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

मग प्राइमर, आणि त्यावर रंग. शर्मनचा मूळ रंग मळकट हिरवा, ज्याला ऑलिव्ह ड्रॅब म्हणतात. खऱ्या रणगाड्यावरचा रंग तंतोतंत तसाच मॉडेलवर मारला तर ते काळपट दिसते, कारण एवढ्या लहान वस्तूवर प्रकाश कमी खेळतो. म्हणून रंगात थोडा फिका रंग मिसळतात. सांध्यांत आणि खाचांत पातळ केलेला तपकिरी तैलरंग सोडतात, तो आपोआप खोलगट जागी ओढला जातो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की कडा उठून येतात.

गंजाच्या बाबतीत हात आवरता येणे फार महत्त्वाचे. हौशी मॉडेलांवर सगळीकडे गंज आणि टवके दिसतात, पण वापरातला, देखभाल होणारा रणगाडा असा नसतो. रंग उडतो तो माणसांचे बूट घासतात तिथे, म्हणजे झाकणांच्या कडांना आणि मडगार्डवर. गंज चढतो एक्झॉस्टवर. अनेक शर्मन आणि स्टुअर्टच्या पट्ट्यांना रबराच्या विटा असत, त्यामुळे त्यांचे पूर्ण पट्टे चांदीसारखे चमकवणे चूकच. चमक फक्त कडेच्या पोलादी जोडांवर हवी.

आता चिखल. परदेशी मासिकांत युरोपातला तपकिरी राडा आणि आफ्रिकेतली पिवळी धूळ कशी दाखवायची हे पानोपानी सांगितलेले असते. नळदुर्ग-तुळजापूरची काळी माती त्यात नाही. ती ओली असताना जवळजवळ काळी दिसते आणि चाकांना गोळ्यांनी चिकटते. वाळली की राखी होते आणि तडकते. कडेचा मुरूम तांबूस-पिवळट असतो. लोहाऱ्याची वाट पुराने अडली ही नोंद इथे थेट ब्रशाला हुकूम देते: सप्टेंबरचा तो दिवस धुळीचा नव्हता. पट्ट्यांत ओला काळा चिखल, चाकांच्या आतल्या बाजूला आदल्या मुक्कामाचा वाळलेला राखी थर, मडगार्डखाली शिंतोडे. ओलेपणासाठी शेवटी चकचकीत वॉर्निशचा हात. शेतातली खरी माती वापरायचा मोह होतो, आणि वापरताही येते, पण मलमलीतून गाळून. कारण १:३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड.

मराठी घरात या कामाची ओळख मुळीच नवी नाही. दिवाळीत दगड-मातीचा किल्ला रचून, त्यावर अळीव पेरून, मावळे आणि तोफा मांडणारी मुले प्रसंगचित्रच उभे करत असतात. फरक फक्त एवढाच की तिथे मावळा बुरुजाएवढा असला तरी चालतो.

ज्याला खऱ्या पोलादाचा पोत बघायचा आहे, त्याने अहिल्यानगर गाठावे. चिलखती दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र तिथे आहे आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही. चर्चिल, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, जपानी हा-गो, पाकिस्तानकडून मिळवलेले पॅटन हे सारे तिथे हाताच्या अंतरावर उभे आहेत. ओतीव टरेटचा खरबरीतपणा, वेल्डिंगची शिवण, बोल्टांची ठेवण हे फोटोत नीट कळत नाही. याच नगरात १५४९ मध्ये मुलूखमैदान तोफ ओतली गेली. पुढे ती धाराशिवच्या परांडा किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तिचे छोटे मॉडेल करायला घेणाऱ्यालाही ओतकामाचा पोत साधावा लागेल.

नळदुर्गच्या प्रसंगात सगळ्यांत अवघड जागा मात्र रणगाड्याच्या बाहेर आहे. रस्त्याकडेला कोण उभे करायचे? निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने हद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडे आसरा घेतलेली कुटुंबे त्या फौजेची वाट पाहत होती. त्यांचा आनंद खरा होता आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाडा तो आजही साजरा करतो. त्याच मोहिमेनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव होते. फुलांचे हार आणि हसरे चेहरे एवढ्यावर थांबणारा देखावा म्हणून अपुरा वाटतो. दूर उभा राहून नुसते बघणारा, दार अर्धे लोटून घेतलेला माणूसही त्यात हवा.

आणि ही माणसे सहज विकत मिळत नाहीत. या रणगाड्यांच्या किटमधले सैनिक बहुधा अमेरिकन नाहीतर ब्रिटिश असतात. शीख पलटणीचे जवान हवेत तर त्यांच्या डोक्यावरचे हेल्मेट कापून एपॉक्सी पुटीच्या पातळ पट्ट्यांनी पगडीचे पेच चढवावे लागतात. धोतर, मुंडासे, नऊवारी हे सगळे हातानेच. बारीक कामासाठी महागडी परदेशी पुटी मिळते, पण हार्डवेअरच्या दुकानातले एम-सीलही चालते. पुटीचे दोन्ही भाग सारखे मळायचे, तारेच्या सांगाड्यावर थापायचे आणि लुगड्याच्या निऱ्या पुटी मऊ असतानाच ओल्या सुईने ओढून घ्यायच्या. एकदा ती कडक झाली की मग कानसच हातात घ्यावी लागते.